पाणी बघितलं होतं

ब्रह्माघाट, वाराणसी
२ जुलै १९९४

ती. दादास शरदिनीचा नमस्कार.

खुशाली विचारत बसण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा नागपूरला सगळे ठीक आहात असं धरून चालते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. काल गणेशोत्सव मंडळाचा छापील अहवाल घरी आला. त्यात पान सातवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते: "वाहनाची देखभाल करणाऱ्यांनी रेडिएटरमधील पाणी न तपासल्यामुळे गतवर्षी विसर्जन मिरवणुकीत वाहन गोदौलिया चौकात बंद पडले." नाव लिहायची हिंमत नाही बरं का! पण मंडळाचा तो लष्करी लिलावातला जुना ट्रक इतकी वर्षं कोण सांभाळतं, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी तू नव्हतास म्हणून सांगते. मैदागिनहून मिरवणूक निघाली, ट्रक हेच चालवत होते. ढोल, लेझीम, बैलाच्या चालीने चाललेली गाडी. गोदौलियाला पोचेस्तोवर इंजिनातून वाफेचा लोट. ह्यांनी घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. माणूस फुटपाथवर हात धरून बसलाय, गणपती ट्रकवर तसाच उभा, आणि आमचे सचिव रत्नाकरराव काय करतात? भजनवाल्यांच्या हातून माइक घेतात आणि भर चौकात सांगतात, "सुमंतरावांनी पाणी बघितलं नाही, त्यामुळे विलंब होतोय, क्षमस्व." क्षमस्व म्हणे! हाताला लावायला कुणी बर्फ आणला नाही, पण क्षमस्व तेवढं माइकवरून.

हे एकदाच म्हणाले, "मी पाणी बघितलं होतं." कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गोदामाची किल्ली नेऊन दिली आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप. उजव्या हाताची बोटं आखडलीत, पान्हा धरवत नाही. कबीरचौऱ्याच्या ज्या रस्त्यावर ट्रकचं गोदाम आहे त्या रस्त्याने भाजीलासुद्धा जात नाहीत, लांबून वळसा घालतात.

आता ठराव झालाय की यंदा गणपतीला भाड्याचा ट्रॅक्टर आणायचा आणि उत्सव झाला की ट्रक भंगारात कबाड्याला द्यायचा. दादा, एकदा तो तोडला की मग कोण काय तपासणार? हा आळ ह्यांच्याबरोबर मणिकर्णिकेच्या चितेपर्यंत जाईल. मला ट्रक नको, मानपान नको. ज्या माइकवरून ते बोललं गेलं त्याच माइकवरून ते परत घेतलेलं हवंय. तू एस्टीच्या डेपोत जन्म घालवलास. पाणी भरलेलं असताना, कधी न तापलेली गाडी एकाएकी का उकळते ते मला लिही.

तुझी,
शरू


नागपूर
११ जुलै १९९४

चि. शरदिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तीही रत्नाकररावांना दोन शब्द बोलली.

न बघता सांगणं कठीण. पंख्याचा पट्टा सैल असेल, रेडिएटरमध्ये गाळ असेल, नाहीतर थर्मोस्टॅट वॉल्व अडकला असेल. हा वॉल्व म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. इंजिनाच्या वरून रेडिएटरकडे जाड रबरी नळी जाते, तिच्या इंजिनाकडच्या टोकाला बोल्टांनी बसवलेलं एक झाकण असतं, त्याखाली तो बसतो. जुन्या गाडीत तो बंदच राहिला तर गाडी उकळणारच. तिथल्या एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडून ते झाकण उघडवून बघ. तू स्वतः इंजिनात हात घालू नकोस. ते बायकांचं काम नव्हे.

आणि शरू, रागावू नकोस. सुमंतरावही माणूसच आहेत. मिरवणुकीच्या गडबडीत पाणी बघायचं राहिलंही असेल. मोठमोठे ड्रायव्हर विसरतात. एवढं मनाला लावून घेऊ नये.

तुझा,
दादा


वाराणसी
२१ जुलै १९९४

दादा,

नमस्कार बिमस्कार काही नाही. "राहिलंही असेल"? तुझ्या सख्ख्या मेहुण्याबद्दल लिहितोस? अरे, बाहेर पडताना घराचं कुलूप ओढून बघणारा आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन पुन्हा ओढून बघणारा हा माणूस. तू ह्यांच्याबरोबर प्रयागला गेला होतास ते विसरलास? दर मुक्कामाला बॉनेट उघडायचे म्हणून तूच वैतागला होतास. त्या रत्नाकररावांनी म्हटलं ते एक, पण माझ्या माहेरचं माणूस म्हणतंय! पत्र ह्यांच्या हाती पडू नये म्हणून मी ते डाळीच्या डब्याखाली ठेवलंय.

आता ऐक, काय निघालं ते. अध्यक्षांकडून गोदामाची किल्ली मागून घेतली आणि छेदी मिस्त्रीला घेऊन गेले. त्याने तू सांगितलेलं झाकण उघडलं. खाली काय होतं सांगू? काही नव्हतं. दरवान नाही, दार नाही, रिकामा बोळ! मी विचारलं, इथला वॉल्व कुठाय? तर छेदी हसत म्हणतो, "हमहीं निकाले थे माताजी, पारसाल, गणेशजी के पहिले. गरम मुलुक में इसका का काम? ई त बरफवाले देस की चीज है." गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ह्यानेच काढला! इथे सगळेच मिस्त्री तो काढून फेकतात म्हणे. मी विचारलं, तुला काढायला कुणी सांगितलं? तर म्हणतो, "सचिवजी गाड़ी लाए थे सर्बिस के लिए. सामने खड़े थे."

सामने खड़े थे! हे तेव्हा तापाने अंथरुणावर होते, म्हणून रत्नाकरराव मोठ्या उपकाराने ट्रक सर्व्हिसिंगला घेऊन गेले होते. ह्यांना परत मिळाला तो थेट मिरवणुकीच्या सकाळी. आधी एकदाही न उकळलेला ट्रक त्या दिवशीच उकळला, आणि पाणी कुणी बघितलं नाही? ह्यांनी!

मी तशीच रत्नाकररावांच्या दारात गेले. ते म्हणाले, "वहिनी, वॉल्व काढल्याने पाणी जास्त मोकळं वाहतं. गाडी गारच राहणार. शाळेतलं पोरही सांगेल." आणि दारातूनच वाटेला लावलं. छेदीला म्हटलं नवा बसव, तर कानाला हात लावतो. म्हणतो, बसवला आणि इंजिन जळलं तर माझं नाव जाईल. ह्याचं नाव जाईल! ह्यांचं गेलं त्याचं काय?

तेव्हा मीच बसवणार. बायकांचं काम नव्हे ते तू तुझ्याकडेच ठेव. वॉल्व पाठव, आणि कसा बसवायचा ते मला कळेल असं लिही. आधी एवढं सांग, रत्नाकरराव म्हणतात ते खरं का? खरं असेल तर मी गप्प बसेन.

शरदिनी


नागपूर
१ ऑगस्ट १९९४

चि. शरू,

झाकणाखाली काही नाही हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. सुमंतरावांबद्दल लिहिलं ते मी मागे घेतो. ते पत्र डाळीच्या डब्याखाली नको, चुलीत घाल.

रत्नाकरराव म्हणतात ते साफ चूक. या इंजिनात पाण्याला दोन वाटा असतात. एक आखूड, इंजिनातून निघून पुन्हा इंजिनात. दुसरी लांब, रेडिएटरमधून गार होऊन येणारी. वॉल्व गार असतो तोवर लांब वाट बंद ठेवतो. पाणी तापलं की तो फुगतो, लांब वाट उघडतो आणि त्याच वेळी त्याची खालची चकती आखूड वाट बंद करते. वॉल्वच काढून टाकला तर दोन्ही वाटा उघड्या. मग पाणी जवळच्या वाटेनेच पळणार आणि रेडिएटरकडे फारसं फिरकणारच नाही. मोकळ्या रस्त्यावर जोराचा वारा लागतो तोवर भागून जातं. मिरवणुकीच्या चालीने चाललीस की उकळलीच. काठोकाठ पाणी भरलेलं असलं तरी.

वॉल्व आणि झाकणाखालून पाणी गळू नये म्हणून घालायचं एक कागदी पॅकिंग पार्सलने पाठवलंय. डेपोच्या जुन्या स्टोअरकीपरने कोपऱ्यातून शोधून दिलं. बसवायच्या आधी वॉल्व तपासून घे. घरातल्या एखाद्या टाकाऊ पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने टांगून ठेव, तळाला टेकू देऊ नकोस. पाणी उकळायच्या बेताला आलं की तो उघडला पाहिजे, गार झालं की मिटला पाहिजे.

मग इंजिन गार असताना रेडिएटरच्या खालच्या तोटीतून पाणी झाकणाच्या खाली जाईल इतकं काढ. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढ, पण धातूवर ओरखडा नको. वॉल्वची स्प्रिंग खाली, इंजिनाकडे. त्याच्या कडेला बारीकसं भोक आहे ते वरच्या अंगाला, हवा निघायला. वॉल्व आपल्या खाचेत नीट बसला पाहिजे, त्याच्यावर पॅकिंग, त्याच्यावर झाकण. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी तेलात कालवलेला शेंदूर पातळ लाव. आम्ही पूर्वी हेच लावायचो, दगडासारखं बसतं. एक दिवस सुकू दे आणि मगच पाणी भर. शेंदूर विषारी असतो, हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नकोस.

जमलं नाही तर जमलं नाही. पण प्रयत्न कर.

दादा


वाराणसी
१९ ऑगस्ट १९९४

दादा,

टाकाऊ पातेलं माझ्या घरात नसतं, ते वहिनीच्या घरात असेल. मी चहाचं घेतलं.

एक गोष्ट चांगली झाली ती आधी सांगते, कारण पुढे मी तुला बोलणार आहे. पातेल्यात वॉल्व टांगून मी उभी होते. हे चहा झाला का बघायला स्वयंपाकघरात आले. पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. ह्या विषयावर बोललेलं ह्यांना सोसत नाही हल्ली. म्हटलं आता फिरतील माघारी. पण उभेच राहिले. पाण्याला बुडबुडे आले आणि वॉल्वने हळूच तोंड उघडलं. हे म्हणाले, "उघडला." वर्षभरात ह्या विषयावरचा पहिला शब्द! मग गॅस बंद करून मिटेपर्यंत थांबले आणि चहा न घेताच गेले. पण गोदामात आले नाहीत. मी बोलावलंही नाही.

आता पुढचं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. साडीचा पदर खोचून, छेदीच्या नाकावर टिच्चून, त्याचाच पान्हा घेऊन. शेंदूर लावला. दिवसभर नाही, दोन दिवस सुकवला. काल पाणी भरून इंजिन सुरू केलं. काटा वर चढला, मध्यावर येऊन थांबला आणि मी हात जोडले. तेवढ्यात झाकणाखालून लाल ओघळ! टप टप टप, खाली लाल थारोळं.

आणि नेमके तेव्हाच रत्नाकरराव कबाड्याला ट्रक दाखवायला घेऊन आलेले. वाकून बघितलं आणि कबाड्यासमोर मला म्हणतात, "वहिनी, संकटमोचनच्या मारुतीपुढे बसलात की काय? अहो, ही मशीन आहे. हे भलतेसलते हट्ट सोडा आता." तो कबाडी दात काढून हसला. घरी येऊन गच्चीवर जाऊन रडले. तुझ्या त्या शेंदरावर विश्वास ठेवला हीच माझी चूक. सुकला नाहीच तो. दोन दिवसांनीही बोटाला लागत होता. तुमच्या डेपोत काय दगडासारखं बसायचं कोण जाणे.

मी काही कमी केलं नव्हतं. ताजा शेंदूर आणला, दुकानदाराने त्याच्याबरोबर चमेलीचं तेल बांधून दिलं, त्यात छान कालवला आणि चांगला जाड थर दिला. ट्रॅक्टर सांगून झालाय. गणपती वीस दिवसांवर आलेत. आता काय ते सांग.

शरदिनी


नागपूर
२६ ऑगस्ट १९९४

शरू,

चमेलीचं तेल! अगं बाई, तू इंजिनाची पूजा केलीस की दुरुस्ती? काशीत शेंदरावर चमेलीचं तेलच मिळणार हे मला सुचायला हवं होतं, पण तुलाही कळू नये? ते तेल वर्षभर ठेवलंस तरी सुकणार नाही. मारुतीला ते चालतं, त्याच्या पोटात उकळतं पाणी नसतं. अळशीचं तेल पाहिजे, उकळलेलं. रंगाच्या दुकानात मिळतं. तेच हवेने घट्ट होतं. आणि थर पातळ! जाड लावलंस तर आत ओघळून वॉल्वला चिकटेल.

बोल्टही तू एकेक करून पुरते आवळले असणार. तसं नाही करायचं. पोळी लाटताना कशी फिरवतेस, तसं थोडं इकडे, थोडं तिकडे. नाहीतर झाकण एका बाजूने उचलतं.

पहिलं पॅकिंग आता गेलं. दुसरं पाठवून वेळेवर पोचायचं नाही. जाड, खरखरीत, चकाकी नसलेला कागद घे आणि झाकणाच्या मापाने काप. हे काम नाजूक आहे. सुमंतरावांना सांग, मी विनंती केली म्हणून सांग.

गच्चीवर रडायचं नाही. रडायचं तर नागपूरला येऊन रड.

दादा


वाराणसी
२१ सप्टेंबर १९९४

ती. दादास आणि सौ. वहिनीस शरदिनीचा साष्टांग नमस्कार.

आज सगळं रीतसर लिहिते.

तुझं पत्र मी ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, वाचा, दादाने तुम्हाला विनंती केलीय. वाचलं. उठले, चपला घातल्या आणि कबीरचौऱ्याच्या सरळ रस्त्याने निघाले! मी मागून धावत. गोदामात जाऊन आधी माझं काम बघितलं आणि बोलणी खायची वेळ माझी. "हे काय, शिऱ्यासारखं थापलंयस?" मी तो सगळा लाल चिखल पुसून, जुनं पॅकिंग खरवडत होते तर डोक्यावर उभं राहून, "हळू, ओरखडा पडेल, हळू." एवढी चिडले मी, आणि एवढं बरं वाटलं.

पॅकिंगला कागद मिळेना. वही पातळ, खोका जाड. मग मंडळाचा तोच अहवाल काढला. त्याचं कव्हर जाड, खरखरीत, चकाकी म्हणून नाही. ह्यांनी उलटसुलट करून बघितला. कोणता अहवाल आहे ते ह्यांना दिसलंच. हे म्हणाले, "कव्हरच घेऊ. पान सात पातळ आहे." दादा, वर्षानंतर हा माणूस थट्टा करत होता! डाव्या हातात कात्री धरून, आखडलेल्या बोटांनी कागद दाबून, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर कापलं. अळशीचं तेल, पातळ हात, बोल्ट थोडे इकडे थोडे तिकडे. बोल्ट मी आवळले. पाणी ह्यांनी भरलं, सावकाश, बुडबुडे थांबेपर्यंत.

मग मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, ट्रॅक्टर असू दे तयार. पण तुमच्या कमिटीसमोर ट्रक उभ्या जागी चालू ठेवू, मिरवणुकीला लागतो तेवढा वेळ. उकळला तर मी स्वतः कबाड्याला हाक मारीन. रत्नाकरराव म्हणाले, काही गरज नाही. अध्यक्ष म्हणाले, होऊन जाऊ दे. सगळे जमले. इंजिन सुरू करायच्या आधी ह्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि रत्नाकररावांना बोलावलं. "या. बोट बुडवा." ते म्हणाले, कशाला, दिसतंय ना. हे म्हणाले, "नाही. बुडवा." बुडवलं. सगळ्यांसमोर ओलं बोट धोतराला पुसलं. मग ट्रक चालत राहिला, काटा मध्यावर जो बसला तो हलला नाही. ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलं.

मिरवणुकीच्या दिवशी उन्हाने नुसती काहिली होत होती. गोदौलियाला ढोलवाल्यांनी नेमका तिथेच फेर धरला, हलायला तयार नाहीत. माझी नजर बॉनेटवर. हे स्टिअरिंगवर तसेच शांत. दशाश्वमेधला पोचलो तोपर्यंत वाफेचा एक धागा नाही.

तिथे मूर्ती नावेत उतरवायच्या आधी रत्नाकररावांनी माइक घेतला. शाल-श्रीफळ तयारच ठेवलं होतं. "आमच्या शरदिनी वहिनींनी नारीशक्तीचं दर्शन घडवलं, त्यांचा सत्कार," वगैरे वगैरे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. वर्षभर एका माणसाला मान वर करू दिली नाहीत आणि आता माझ्या खांद्यावर शाल? मी म्हटलं, शाल ठेवा. गेल्या वर्षी ह्या माइकवरून जे बोललात ते परत घ्या. ते हसायला लागले, "वहिनी, कशाला जुनं उकरता, शुभ प्रसंग आहे." मी म्हटलं, गेल्या वर्षीही शुभच प्रसंग होता. मग म्हणाले, "ठीक आहे. गेल्या वर्षी जे झालं त्यात गाडीचाच दोष होता." मी म्हटलं, गाडीचा नव्हता. नीट होती ती. वॉल्व काढला तेव्हा समोर कोण उभं होतं तेही सांगा, नाहीतर मी सांगते, आणि छेदी तो बघा, तिथे उभा आहे.

ढोल थांबले होते. नाववाले वर बघत होते. मी तशीच मूर्तीच्या आणि पायऱ्यांच्या मध्ये उभी. मला वाटलं होतं, बायका मला मागे ओढतील. एक जण पुढे आली, आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघी. अध्यक्ष रत्नाकररावांच्या कानाशी लागले.

शेवटी रत्नाकररावांनी खाली बघत म्हटलं, "वॉल्व माझ्यासमोर काढला गेला. सुमंतरावांनी पाणी बघितलं होतं." मी म्हटलं, ऐकू आलं नाही मागे. त्यांनी पुन्हा म्हटलं. मोठ्याने.

सगळे ह्यांच्याकडे वळले. कुणी टाळ्याही वाजवायला लागलं. हे कुठे? हे ट्रकच्या पुढे बॉनेट उघडून वाकलेले. ऐकलं की नाही असं मला वाटलं. जवळ गेले तर आखडलेली बोटं त्या झाकणाखालून, पॅकिंगच्या कडेने सावकाश फिरवत होते. मग सरळ झाले. डोळे भरलेले होते. तोच भाजलेला हात माझ्यापुढे उघडा धरला.

"कोरडं आहे," म्हणाले.

तुझी,
शरू